पायरेट्सचं पुढच्या वर्षी काय? मला हमखास विचारले जाणारे प्रश्न

पिट्सबर्गला येऊन सोळा वर्षं झाली, आणि त्यातली बहुतेक सगळी मी पायरेट्स नावाची बेसबॉल टीम हरताना बघण्यात घालवली. आता माझं नावच तसं पडलंय. गणपतीच्या आरतीला, दिवाळीच्या फराळाला, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, सांगलीहून येणाऱ्या आईच्या फोनवर, सगळीकडे तेच प्रश्न. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. हे नोव्हेंबर २०२५ च्या मध्याला लिहिलंय. उद्या एखादा मोठा सौदा झाला तर यातलं अर्धं शिळं होईल. होऊ दे, मला तेच हवंय.

एका वाक्यात सांग, पुढच्या मोसमात तुला काय हवंय?

दोन बॅटर. जमलं तर तीन. बाकी आमच्याकडे आहे.

२०२५ मध्ये एवढं बिघडलं काय?

७१ विजय, ९१ पराभव, आणि आमच्या गटात शेवटचा नंबर. पण नुसत्या विजय-पराभवांवरून दुखणं कुठलं ते कळत नाही. त्यासाठी धावा बघा. १६२ सामन्यांत ५८३, म्हणजे सामन्याला साडेतीनच्या जरा वर. मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीच्या, ३० संघांत सगळ्यात कमी. होमरन (थेट मैदानाबाहेरचा फटका, आपला षटकार) ११७, तेही सगळ्यात कमी. आमच्या टीममध्ये सगळ्यात जास्त होमरन मारणाऱ्याचे झाले २०. त्याच वर्षी सिएटलच्या कॅचरने एकट्याने ६० मारले.

मॅनेजर डेरेक शेल्टनला ८ मे रोजी काढलं, तेव्हा हिशोब १२-२६ असा होता. त्याच्या जागी आलेला डॉन केली याच शहरातला. त्याच्या हाताखाली ५९-६५. वाईट नाही, पण बॅट धरायला माणूसच नसेल तर मॅनेजर बदलून किती फरक पडणार? ऊस नसलेल्या कारखान्याचा चेअरमन बदलल्यासारखं आहे ते.

पॉल स्कीन्स जगातला सगळ्यात भारी पिचर आहे म्हणतेस. मग हरता कसे?

हा प्रश्न माझ्या पुण्याच्या चुलतभावाचा. तो क्रिकेटवाला, त्यामुळे त्याला वाटतं की बुमराह असला की अर्धा सामना खिशात.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीचा पिचर रोज खेळत नाही. खांद्याची आणि कोपराची वाट लागू नये म्हणून एकदा टाकलं की चार-पाच दिवस विश्रांती. १६२ पैकी त्याच्या वाट्याला येतात ३२. दुसरी गोष्ट अशी की अमेरिकेत पिचरला आता बॅटिंग करावी लागत नाही, त्याच्याऐवजी दुसरा येतो. म्हणजे धावा थांबवणं एवढंच स्कीन्सच्या हातात. ते त्याने केलं. २०२५ मध्ये दर ९ इनिंगमागे सरासरी १.९७ धावा दिल्या, २१६ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं. पिचरांचा सर्वोच्च सन्मान, साय यंग पुरस्कार, त्याला परवाच मिळाला, आणि पहिल्या पसंतीची ३० च्या ३० मतं त्यालाच. पायरेट्सच्या इतिहासात हा मान मिळालेला तो तिसरा. आधीचे दोघे म्हणजे १९६० चा व्हर्न लॉ आणि १९९० चा डग ड्रेबेक.

आणि एवढं सगळं करून त्याच्या नावावर विजय किती? १०. पराभव? तेही १०.

१८ मे, रविवार. सामना फिलाडेल्फियात. मी स्वयंपाकघरातून बघत होते, टीव्ही दिसेल असा ओटा आहे आमचा. स्कीन्सने आठ इनिंग टाकल्या, एकट्याने, कुणाची मदत न घेता. आयुष्यातला पहिला संपूर्ण सामना त्याचा. धाव दिली फक्त एक. डाळीच्या शिट्ट्या झाल्या, भाताच्या झाल्या, कुकर निवला, आणि आमच्या धावफलकावर शून्य ते शून्यच. १-० ने हरलो. घरचा संघ पुढे असला की त्याला नवव्या इनिंगची बॅटिंग करावीच लागत नाही, म्हणून 'संपूर्ण सामना' आठ इनिंगचा. मुलगा म्हणाला, "मम्मा, त्याने आणखी काय करायचं होतं?" मी म्हटलं, जेवायला बस.

त्याला न्यूयॉर्कला देणार अशी बातमी वाचली. खरं का?

अफवा आहेत. त्याने स्वतः नाकारल्यात, टीमनेही नाकारल्यात. तरी त्या थांबणार नाहीत, कारण कॅलेंडर सगळ्यांनाच वाचता येतं.

२०२९ च्या मोसमापर्यंत तो आमचा आहे. नियमच तसा: पहिली काही वर्षं खेळाडू त्याच टीमला बांधलेला असतो, आणि त्यातली पहिली तीन तर जवळजवळ किमान पगारावर. २०२५ मध्ये स्कीन्सचा पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर. तुम्हा-आम्हाला डोळे विस्फारायला लावणारा आकडा, पण त्या धंद्यात चिल्लर. २०२६ नंतर लवादाची वर्षं (जमलं नाही तर पगार मध्यस्थ ठरवतो ती) सुरू होतात आणि पगार कोटींत जातो. म्हणजे चार मोसम उरले, आणि स्वस्त असा एकच, येणारा. जगातला सगळ्यात भारी पिचर जवळजवळ फुकटात मिळालेला असताना वाचलेले पैसे बॅटिंगवर घालायचे नाहीत तर कधी?

मालकाकडे पैसे नाहीत का?

या प्रश्नाला मी नेहमी खुर्ची ओढून बसते.

बेसबॉलमध्ये आयपीएलसारखी खर्चाची पक्की मर्यादा नाही. लॉस एंजेलिसचे डॉजर्स वर्षाला पगारांवर ३० कोटी डॉलरच्या वर घालवतात, आम्ही ९ कोटींच्या आसपास. शहर लहान, टीव्हीचे पैसे कमी, हे खरं. मान्य. पण मिलवॉकी काय मुंबई आहे? तेही आमच्यासारखंच लहान गाव, आमच्याच गटात, आणि त्यांनी २०२५ मध्ये ९७ सामने जिंकले. दोन्ही लीग मिळून सगळ्यात जास्त. तेव्हा 'गाव लहान' हे कारण सुधारून घ्यावं.

आता आमचा इतिहास ऐका. करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूला पायरेट्सनी दिलेला सगळ्यात मोठा करार किती? ३ कोटी ९० लाख डॉलर, तीन वर्षांसाठी, पिचर फ्रान्सिस्को लिरियानोला. डिसेंबर २०१४ मध्ये. अशा मोकळ्या खेळाडूला एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार शेवटचा कधी दिला? डिसेंबर २०१६, इव्हान नोव्हा, हाही पिचर. त्यानंतर नऊ वर्षं दर हिवाळ्यात एक-एक वर्षाचे भाडेकरू.

घरच्या पोरांना पैसे दिले, नाही असं नाही. ब्रायन रेनॉल्ड्सला आठ वर्षांचे १० कोटी ६७ लाख, मिच केलरला पाच वर्षांचे ७ कोटी ७० लाख, के'ब्रायन हेजला आठ वर्षांचे ७ कोटी. यातला हेज जुलैत सिनसिनाटीला गेलाही. तिसऱ्या बेसवर त्याच्यासारखा झेलणारा माणूस शोधून सापडणार नाही, पण बॅट चालेना.

लोक चिडलेत ते उगाच नाही. एप्रिलपासून स्टेडियममध्ये 'टीम विका' अशा घोषणा चालू होत्या. त्यात भर म्हणून राइट फील्डच्या भिंतीवरची रोबर्तो क्लेमेंटेंची २१ नंबरची खूण काढून तिथे दारूच्या पेयाची जाहिरात लावली. क्लेमेंटे म्हणजे पायरेट्सचा ३००० हिट्सचा मानकरी, आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेलेला माणूस. ती भिंत २१ फूट उंच आहे तीसुद्धा त्यांच्या नंबरापायी. त्यांच्या मुलाने नाराजी सांगितल्यावर खूण परत आली. पण देवघरात तंबाखूचं कॅलेंडर लावावं का, हे कुणी सांगावं लागतं?

इतकं सगळं असताना या टीमला धरून का बसलीस?

मी २००९ मध्ये आले तेव्हा टीम सलग सतराव्या वर्षी हरत होती. १९९३ ते २०१२, असे वीस मोसम लागोपाठ. आणि मग २०१३. १ ऑक्टोबरच्या रात्री सिनसिनाटीविरुद्ध प्लेऑफचा, एकाच सामन्यात निकाल. सगळं स्टेडियम काळ्या कपड्यांत. मी मैत्रिणीचा काळा टी-शर्ट घालून उभी होते, बसायला जागा नव्हतीच. समोरचा पिचर जॉनी क्वेतो. चाळीस हजार लोक त्याच्या नावाचे दोन तुकडे करून हेल काढत ओरडत होते, "क्वेऽऽ-तो." त्याच्या हातातून चेंडू गळून खाली पडला. लोक आणखी चेकाळले. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली आणि त्यांची अर्धी बिअर माझ्या केसांत गेली. अजून कुणाच्या केसांना बिअरचा वास आला की मला तो होमरन आठवतो.

हे सांगण्याचं आणखी एक कारण आहे. मार्टिन घरचा नव्हता. त्याला आदल्या हिवाळ्यात बाहेरून घेतला होता, दोन वर्षांचे १ कोटी ७० लाख देऊन. एक बरा माणूस वेळेवर विकत घेतला की काय होतं, ते या गावाने एकदा पाहिलंय.

मग यंदा बाजारात कोण आहे? परवडेल कोण?

स्वप्नातलं नाव काइल श्वार्बर. ५६ होमरन. तो इथे येईल असं मला वाटत नाही, पण दिवाळीत लॉटरीचं तिकीट काढतो तशी एक बोली तरी लावा. पैसे देऊन नाही म्हणवून घेण्यातही एक इज्जत असते.

माझी खरी नजर आहे एउहेनियो सुआरेझवर. ४९ होमरन, जागा तिसरा बेस, आणि तिसरा बेस आमच्याकडे हेज गेल्यापासून रिकामा. वय ३४, स्ट्राइकआउट भरमसाट, झेलण्यात हेजची सर येणार नाही. चालेल. दोन वर्षांसाठी घ्या, पाय थकले की बसवा. होर्हे पोलांको (२६ होमरन) दोन्ही हातांनी बॅटिंग करतो, तोही चालेल. आणि परवडणाऱ्यांतला रायन ओहर्न: पहिला बेस, आउटफिल्ड, दोन्हीकडे उभा राहतो, यंदा ऑल-स्टार होता. नाव मोठं नाही, पण रोज चार घास भरवणारा माणूस. तिघांतले दोन मिळाले तर मी टीमच्या कार्यालयात पेढे नेऊन देईन.

पिचर देऊन बॅटर का घेत नाही? तुमच्याकडे पिचर रग्गड आहेत ना?

आहेत. बब्बा चँडलर ऑगस्टमध्ये आला आणि पहिल्याच सामन्यात चार इनिंग एकही धाव न देता सामना बंद करून गेला. त्याला हात लावायचा नाही. जॅरेड जोन्सच्या कोपराची शस्त्रक्रिया झालीय, तो २०२६ मध्ये केव्हातरी येईल, त्यामुळे त्याचा भाव आत्ता पडलेला. उरले केलर, बरोज, ओव्हिएडो, अ‍ॅशक्राफ्ट. यातला एक गेला तर मला झोप लागेल. दोन गेले तर विचार करीन.

याला ताजा दाखला आहे. मागच्या डिसेंबरात लुईस ऑर्टिझ हा पिचर देऊन स्पेन्सर हॉर्विट्झ आणला. तेव्हा इथले सगळे नाकं मुरडत होते, मीही. मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा मोसम उशिरा सुरू झाला, तरी .२७२ ची सरासरी (हजार पाळ्यांना २७२ हिट्स, या हिशोबाने) काढली. नाक सरळ केलंय मी.

कॉनर ग्रिफिन मार्चमध्येच टीममध्ये येईल का?

ज्याच्यासाठी मी ऑगस्टअखेर दोन तास गाडी चालवत अल्टूनाला, आमच्या खालच्या पायरीच्या टीमकडे, गेले तो हा. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, नवव्या क्रमांकावर, थेट शाळेतून घेतलेला. २०२५ मध्ये मेजर लीगच्या खालच्या तीन पायऱ्यांवर खेळला, सगळ्यांत मिळून सरासरी .३३३, २१ होमरन, ६५ बेस चोरले (फटका नसताना पळून पुढचा बेस गाठला). वय १९.

अल्टूनाचं मैदान छोटं, राइट फील्डच्या मागे जत्रेतला असतो तसा लाकडी रोलर कोस्टर. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई नातवासाठी वहीत प्रत्येक चेंडू टिपत होत्या. ग्रिफिनने एक साधा जमिनीवरचा चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) मारला. असा चेंडू म्हणजे बाद, लोक तोवर पॉपकॉर्नमध्ये हात घालतात. पण हा धावला असा की शॉर्टस्टॉपची घाई झाली, आणि फेक पोचेपर्यंत पठ्ठ्या बेस ओलांडून गेलेला. बाईंनी वहीत लिहिलेलं खोडलं. सहा फूट तीन-चार इंचांचा गडी इतका हलका पळतो, हे टीव्हीवर कळत नाही.

तरीही माझं उत्तर: मार्चमध्ये नको. अल्टूनाच्या पायरीवर जेमतेम महिनाभर खेळलाय, त्याच्या वरची पायरी बघितलेलीच नाही. जूनमध्ये आणा. मात्र तो आला की धावा होतील असं म्हणून हिवाळ्यात हातावर हात ठेवून बसणार असाल, तर ते एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर घराचं कर्ज ठेवण्यासारखं आहे.

ओनील क्रूझचं काय करायचं?

तो सहा फूट सात इंचांचा. मेच्या अखेरीस त्याने मारलेला होमरन बॅटवरून सुटला तेव्हा वेग होता ताशी १२२.९ मैल, म्हणजे १९८ किलोमीटर. मोजायला लागल्यापासूनचा विक्रम. ३८ बेस चोरले. आणि सरासरी .२००, डावखुऱ्या पिचरपुढे तर पार दैना. विकू नका. डावखुरा समोर आला की बसवा, एवढंच. असला माणूस एकदा सापडला की टीम बदलते, आणि तो दुसऱ्या गावात जाऊन सापडलेला मला बघायचा नाही.

मॅककचन परत येणार का?

अँड्र्यू मॅककचनला इथे लाडाने 'कच' म्हणतात. माझ्या आईला हे नाव एकदम पटलं, ती विचारते, "तुमचा कच काय म्हणतो गं?" आणि खरंच, गोष्टही तीच. २०१८ मध्ये टीमने त्याला देऊन टाकलं, २०२३ मध्ये तो परत आला. मग एक वर्षाचा करार, संपला, पुन्हा एक, संपला, पुन्हा तिसरा. शुक्राचार्यांनी तीनदा उठवला तसा. यंदा जूनमध्ये त्याने पायरेट्ससाठी २४१ वा होमरन मारून क्लेमेंटेंना मागे टाकलं. आता वय ३९, रोज खेळवण्यासारखा राहिलेला नाही, आणि जागा अडते असं म्हणणाऱ्यांचंही बरोबर आहे. माझं मन मानत नाही. ५० लाखांत आणखी एक वर्ष द्या, आठवड्यातून तीन दिवस खेळवा, शेवटच्या सामन्याला आम्हाला रडू द्या. पुराणातला कच तिसऱ्यांदा उठल्यावर विद्या घेऊन स्वर्गात परत गेला. तेवढं इथे होऊ नये.

२६ ची यादी आणि ४० ची यादी, यात फरक काय?

सामन्याला हजर असतात ते २६ (सप्टेंबरात २८). ४० म्हणजे मेजर लीगच्या कराराने बांधलेले एकूण. उरलेले खालच्या पायऱ्यांवर किंवा जायबंदी. तुम्हाला बॅटर घ्यायचाय आणि ४० भरलेत, तर आधी कुणाला तरी सोडावं लागतं. आमच्याकडे सोडण्यासारखे आहेत. नावं घेत नाही.

या टीममध्ये कधी भारतीय होता का?

मेजर लीगच्या मैदानावर नाही, पण करार झाला होता. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनीच घेतलं. एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले, तोवर बेसबॉल हातात न धरलेले. दोघेही खालच्या पायऱ्यांवर खेळले. रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. आमच्या सांगलीकडे शाळेत मुली सॉफ्टबॉल खेळायच्या, मीही खेळले. मला कुणी विचारलं नाही.

किती सामने जिंकले की तू खूश?

८३. आकडा हवेतला नाही. २०२५ मध्ये सिनसिनाटी ८३ जिंकून प्लेऑफमध्ये पोचलं. आमच्यापेक्षा फक्त १२ जास्त. ती १-० सारखी हार आठवा आणि असल्या संध्याकाळी मोजा, १२ कुठे सापडतात ते कळेल. घाई अशासाठीही की मालक आणि खेळाडू यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. त्यानंतर टाळेबंदी झाली तर २०२७ चं काय, देव जाणे.

आई मेमध्ये येतेय. तिला स्कीन्सचाच सामना दाखवायचा तर तिकीट कधीचं काढू?

हा प्रश्न माझा मलाच. आत्ता काढू नये. पाऊस, विश्रांतीचा दिवस, कुणाची दुखापत, कशानेही पाळी एक-दोन दिवस सरकते. आठवडा आधी बघायचं, त्याने शेवटचं कधी टाकलं ते धरून बोटांवर मोजायचं, मग काढायचं. जागा तिसऱ्या बेसच्या बाजूची, म्हणजे नदी, क्लेमेंटे पूल आणि पलीकडच्या इमारती समोर येतात. मेच्या रात्री गारठा असतो, आईला शाल लागेल. बाहेरचं खाणं नेऊ देतात, तेव्हा पारदर्शक पिशवीत भडंग. तिसऱ्या बेसवर तोवर कुणीतरी उभा असला म्हणजे झालं.